घरच्या फ्रीबीएसडी सर्व्हरवर "एआरपी… मूव्ह्ड फ्रॉम" असे मेसेज येतायत आणि नेट मधूनच जातंय

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. घरी एक जुना डेस्कटॉप पडून होता त्यावर फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून घरगुती सर्व्हर केलाय, फोटो, बॅकअप, थोडे सिनेमे, मॉनिटर-कीबोर्ड काही नाही, लॅपटॉपवरून एसएसएच (दुरून लॉगिन) करून काय ते काम. शिवाय एक रास्पबेरी पाय आहे, त्यावर पायहोल बसवलंय, म्हणजे जाहिराती अडतात आणि घरातल्या सगळ्यांचं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी काढणं, तिथूनच जातं. पायला आयपी हाताने दिलाय १९२.१६८.१.१० आणि राऊटरच्या डीएचसीपीची (आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीची) रेंज १०० ते २०० ठेवलीय, त्यामुळे १० वर दुसरं कोणी येऊन बसायचा प्रश्नच नाही.

तर हल्ली होतंय काय की चालता चालता नेट जातं. वायफाय दिसतंय, राऊटरचा दिवा हिरवा, पण ब्राउझर म्हणतो सर्व्हर सापडत नाही. थोड्या वेळाने आपोआप येतं. घरात माझ्या नावाने शंख चालू आहे. सर्व्हरवर /व्हार/लॉग/मेसेजेस उघडून बघितलं तर हे:

कर्नल: एआरपी: १९२.१६८.१.१० मूव्ह्ड फ्रॉम बी८:२७:ईबी:…:०६ टू …:४एफ:२१ ऑन ईएम०
कर्नल: एआरपी: १९२.१६८.१.१० मूव्ह्ड फ्रॉम …:४एफ:२१ टू बी८:२७:ईबी:…:०६ ऑन ईएम०

काही आकडे मी झाकलेत. एआरपी म्हणजे घरच्या नेटवर्कात हा आयपी कोणत्या कार्डाचा ते विचारायची पद्धत. असल्या ओळींनी फाइल भरलीय. बी८:२७:ईबी वाला मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) माझ्या पायचा, दुसरा कोणाचा ते कळेना. पायवर एसएसएच करायला जावं तर कधी नीट लॉगिन होतं आणि कधी सरळ "कनेक्शन रिफ्यूज्ड". पाय मात्र चालूच असतो, त्याचे दिवे लुकलुकत असतात. एसडी कार्ड बदलून झालं, केबल बदलून झाली. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

ठसकेबाज
राऊटर बंद करा, चहा घ्या, राऊटर चालू करा. फी नंतर कळवतो.

गोदाकाठ
@ठसकेबाज, हे करून झालंय हो. चहाने ॲसिडिटी झाली फक्त.

विद्यार्थी_सांगली
पायहोल काढूनच टाका ना, सगळीकडे ८.८.८.८ (गूगलचं डीएनएस) टाका, विषय संपला. माझ्या उबुंटूवर पण असंच काहीतरी येतंय "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन", ते पण ह्यातलंच आहे का?

किल्लेदार
हे सरळसरळ एआरपी स्पूफिंग आहे. कोणीतरी तुमच्या वायफायमध्ये घुसून मी पाय आहे असं सांगतंय आणि तुमचा सगळा ट्रॅफिक त्याच्याकडून जातोय. आत्ताच्या आत्ता वायफायचा पासवर्ड बदला, बँकेचे पण बदला.

उनाड
उगाच घाबरवू नका हो त्यांना. फ्रीबीएसडीमध्ये हे मेसेज बंद करता येतात, सिसकंट्रोलमध्ये नेट.लिंक.ईथर.इनेट.लॉग_एआरपी_मूव्हमेंट्स आहे, ते ० करा. लॉग स्वच्छ. मी तर मशीन लावलं की पहिलं तेच करतो.

चिंगी
@उनाड, अहो लॉग स्वच्छ होईल पण नेट जायचं थोडंच थांबणार? त्यांच्याकडे जो एकमेव साक्षीदार बोलतोय त्याचंच तोंड बंद करताय तुम्ही. ते सेटिंग कधी बरोबर असतं तर कोण उड्या मारतंय आणि का ते कळलंय आणि ते चालणार आहे असं ठरलंय तेव्हा. उदा. लॅपटॉप कधी वायफायवर, कधी केबलवर आणि दोन्हीला एकच आयपी बांधून ठेवलाय. किंवा घरात ॲपलचा मॅक कॉम्प्युटर झोपला की ॲपल टीव्ही त्याच्या वतीने उत्तर देतो, त्याला स्लीप प्रॉक्सी म्हणतात, तिथेही अगदी हाच मेसेज येतो आणि ते नॉर्मल आहे. इथे मात्र डीएनएसचा आयपी उड्या मारतोय, ते नॉर्मल नाही.

@किल्लेदार, स्पूफिंगमध्ये हाच मेसेज येतो हे बरोबर. एआरपी १९८२ चा प्रोटोकॉल आहे, त्यात जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवायचा, खरं-खोटं तपासायची सोयच नाही. पण मला वाटत नाही हे ते आहे. चोर असता तर त्याने पायचं सोंग तरी नीट घेतलं असतं, डीएनएस चालू ठेवलं असतं आणि तुम्हाला पत्ता लागला नसता. इथे जो कोणी आहे तो रिफ्यूज्ड म्हणतोय, म्हणजे आपण पाय आहोत असं त्याला वाटतही नाहीये.

@गोदाकाठ, त्या दुसऱ्या मॅक ॲड्रेसचा अगदी पहिला जोड सांगा, त्यातला दुसरा आकडा काय आहे? २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला मॅक, बहुतेक फोन. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोन आयओएस १४ पासून प्रत्येक वायफायला वेगळा खोटा मॅक देतात. त्यातलं काही नसेल तर ते खरं कार्ड आहे आणि पहिल्या तीन जोडांवरून कंपनी निघते.

गोदाकाठ
दुसरा आकडा सी आहे. म्हणजे खरं कार्ड?

चिंगी
हो, शक्यतो खरं. मॅक हाताने पण बदलता येतो पण घरात कोण कशाला बदलेल.

जुनाखेळाडू
धागा आज बघितला. गोदाकाठ, तुमचं उत्तर तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे पण त्याआधी थोडं लांबून सांगतो, कारण असल्या धाग्यांवर सगळे एरर मेसेज एकाच पोत्यात भरतात आणि मग राऊटर रीस्टार्ट हा एकच उपाय उरतो.

मेसेज दिसला की मी पहिलं बघतो की हा बोलतोय कोण. माझाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), मधला राऊटर, की पलीकडचं मशीन? समजा एखाद्याच्या दारावर आपण टकटक केली. आतून "चालते व्हा" असं ऐकू आलं तर ते कनेक्शन रिफ्यूज्ड. म्हणजे घर आहे, आत माणूसही आहे, फक्त तुम्हाला हव्या त्या पोर्टवर, म्हणजे हव्या त्या सेवेच्या खिडकीवर, कोणी बसलेलं नाही. काहीच आवाज आला नाही, उभं राहून पाय दुखले आणि परत आलात तर तो टाइम्ड आउट, फ्रीबीएसडी ७५ सेकंद उभा राहतो. आणि ह्या नावाची गल्लीच माहीत नाही असं घरातूनच निघताना कोणी म्हटलं तर नेटवर्क इज अनरीचेबल, ते तुमचाच कर्नल म्हणतो, पॅकेट बाहेर पडलेलंच नाही. अशा वेळी पलीकडच्या सर्व्हरला शिव्या देऊन काय उपयोग, आपला डीफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचा ठरलेला रस्ता, बघायचा. फ्रीबीएसडीवर नेटस्टॅट -आरएन, लिनक्सवर आयपी रूट. डीफॉल्टने सुरू होणारी ओळ नसली की कारण सापडलं.

"होस्ट इज डाउन" हे लिनक्सवाल्यांनी फारसं बघितलेलं नसतं. बीएसडी आणि मॅकवर येतं. त्याचा अर्थ मशीन माझ्याच नेटवर्कात असायला हवं, मी एआरपीने हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही. तीच गोष्ट लिनक्सचा पिंग (पलीकडचं मशीन ओ देतं का ते बघायची कमांड) "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" अशी सांगतो, पण त्या ओळीत सुरुवातीला "फ्रॉम" आणि आयपी असतो तो वाचा. तो आयपी तुमचाच असेल तर हाक तुमच्या घरातच विरली. राऊटरचा असेल तर तक्रार राऊटर करतोय, गडबड त्याच्या पलीकडे आहे. ही एक ओळ नीट वाचली की अर्ध्या वेळा काम तिथेच संपतं, आणि लोक नेमकी तीच सोडून खाली पॅकेट लॉस किती टक्के ते बघतात.

सगळ्यात फसवा मेसेज म्हणजे "नो रूट टू होस्ट". नाव वाचून लोक राउटिंग टेबल उपसत बसतात. पिंग मस्त जातं आणि एसएसएच मात्र नो रूट टू होस्ट म्हणतं असं असेल तर रूट छान आहे, पलीकडच्या मशीनच्या फायरवॉलने नाही म्हटलंय. फेडोरा, रेड हॅट घराण्यातल्या मशीनवर हे नेहमीचं, तिथली फायरवॉल नुसतं पॅकेट टाकून न देता आयसीएमपी नावाच्या निरोपाने मनाई कळवते आणि आपला कर्नल त्याचं भाषांतर असं करतो. उलट लिनक्सवर पिंग "ऑपरेशन नॉट परमिटेड" म्हणाला तर बाहेर कोणाकडे बघू नका, तुमच्याच मशीनच्या फायरवॉलने बाहेर जाणारं पॅकेट अडवलंय. फ्रीबीएसडीवर आयपीएफडब्ल्यू ही फायरवॉल असेल तर तिथे "परमिशन डिनाइड" येतं, आणि लोक रूट युजर (ॲडमिन) होऊन पुन्हा पिंग करतात. परत तेच येतं.

नंबरही बघून घ्या. कनेक्शन रिफ्यूज्ड लिनक्सवर १११, फ्रीबीएसडी आणि मॅकवर ६१. टाइम्ड आउट ११० आणि ६०. नो रूट टू होस्ट ११३ आणि ६५. एखादा प्रोग्रॅम नुसता एरर ६१ म्हणून मरतो आणि लोक लिनक्सच्या यादीत ६१ शोधतात, तिथे त्याचा अर्थ भलताच.

आता तुमचं. तुम्हाला रिफ्यूज्ड येतंय. पाय बंद पडला असता तर होस्ट इज डाउन आलं असतं किंवा टाइम्ड आउट. रिफ्यूज्ड आलं म्हणजे १९२.१६८.१.१० वर त्या क्षणी जिवंत मशीन आहे, त्याने उत्तर दिलंय, फक्त त्याच्यावर एसएसएच चालू नाही. तुमच्या पायवर तर एसएसएच चालू आहे. म्हणजे उत्तर देणारा पाय नाही. एका आयपीवर दोन मशीन आहेत, स्पष्ट आहे. ८.८.८.८ टाकलं तर घरच्यांची तक्रार थांबेल, पण दुसरं मशीन तिथेच बसून राहील.

दोन गोष्टी सांगा. हे नक्की केव्हा होतं आणि केव्हा होत नाही? आणि हे सुरू व्हायच्या सुमारास घरात नवीन काय आलं?

ठसकेबाज
काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

विद्यार्थी_सांगली
माझं राहिलंच की. टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन.

चिंगी
अरे त्यासाठी वेगळा धागा काढायचास. असो. पिंग १.१.१.१ करून बघ. गेलं तर नेट आहे, फक्त नावाचा आयपी काढणारा गप्प आहे. मग /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ बघ. उबुंटूवर तिथे १२७.०.०.५३ दिसेल, ते बघून घाबरू नकोस आणि ती फाइल हाताने खरडू नकोस, ती सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड ह्या डीएनएस सांभाळणाऱ्या सेवेची असते, तू लिहिलेलं पुसलं जातं. रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस दे आणि त्यात तुझ्या कार्डाखाली डीएनएस सर्व्हर कोणता लिहिलाय ते इथे टाक. "नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन" आलं असतं तर सर्व्हर बोलला असता पण नाव नाही म्हणाला असता. टेम्पररी म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हर बोललाच नाही.

विद्यार्थी_सांगली
१.१.१.१ जातंय. स्टेटसमध्ये डीएनएस सर्व्हर १९२.१६८.०.१ आहे, राऊटरचाच. डीएनएसएसईसी समोर यस लिहिलंय. एक सांगायचं राहिलं, लॅपटॉप चालू केला की तारीख २०१० ची दाखवतो, जुना आहे.

चिंगी
मग तेच. बोर्डावरचा सेल गेलाय. डीएनएसएसईसी म्हणजे डीएनएसची उत्तरं खरी आहेत का ते सह्यांवरून तपासणं, त्या सह्यांना तारखेची मुदत असते, तुझ्या लॅपटॉपच्या मते त्या सह्या अजून जन्मालाच यायच्यात, म्हणून तो एकही उत्तर मानत नाही. आणि घड्याळ नेटवरून लावायचं तर टाइम सर्व्हरचं नाव सोडवावं लागतं, तेही सुटत नाही, अडकलास. आत्ता हाताने तारीख लाव, चालू होईल. मग सीआर२०३२ सेल आणून टाक, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. काही लॅपटॉपमध्ये त्याला वायर असते, उघडल्यावर तेवढं बघ. राऊटर डीएनएसएसईसी नीट पुढे पाठवत नसेल तर तारखेनंतरही अडेल, तेव्हा परत ये.

विद्यार्थी_सांगली
तारीख लावली. चाललं!!! ताई धन्स.

गोदाकाठ
@जुनाखेळाडू काका, केव्हा होतं ते मी नीट कधी बघितलंच नव्हतं म्हणून लॉगमधल्या वेळा काढून बसलो. एक विचित्र गोष्ट दिसली, हसू नका. लाईट जाते तेव्हा हा त्रास होत नाही. राऊटर, पाय, सर्व्हर आणि टीव्हीमागचा छोटा स्विच असं सगळं इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी नेट चालू असतं, आणि त्या तासात लॉगमध्ये एकही ओळ नाही. लाईट आली की मिनिटाभरात परत सुरू. आईचं आधीपासून म्हणणं होतं की लाईट गेल्यावर नेट चांगलं चालतं, आम्ही तिला वेड्यात काढत होतो.

नवीन म्हणाल तर मी तरी काही आणलेलं नाही.

ठसकेबाज
आईंना नेटवर्क ॲडमिन करा, पगारासकट.

जुनाखेळाडू
आईंनी केस सोडवली. जे मशीन इन्व्हर्टरवर नाही तेच तुमचं दुसरं मशीन. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, सोलरचा डबा, काहीही असू शकतं, आजकाल सगळ्याला नेट लागतं.

आता रंगेहाथ पकडू. लाईट असताना सर्व्हरवर दोन खिडक्या उघडा. एकीत टीसीपीडम्प -ई -एन -आय ईएम० एआरपी चालू ठेवा. दुसरीत एआरपी -डी १९२.१६८.१.१० देऊन जुनी नोंद पुसा आणि लगेच त्याच आयपीला एकच पिंग मारा. पहिल्या खिडकीत काय येतं ते चिकटवा.

गोदाकाठ
घ्या:

एआरपी, रिक्वेस्ट हू-हॅज १९२.१६८.१.१० टेल १९२.१६८.१.२०
एआरपी, रिप्लाय १९२.१६८.१.१० इज-ॲट बी८:२७:ईबी:…:०६
एआरपी, रिप्लाय १९२.१६८.१.१० इज-ॲट …:४एफ:२१

एका प्रश्नाला दोन उत्तरं! दोन्हींमध्ये मिलिसेकंदाचा पण फरक नाही. आणि दुसऱ्या खिडकीत त्याच क्षणी मूव्ह्ड फ्रॉम.

चिंगी
अगदी. कर्नलने पहिलं उत्तर लिहून घेतलं, तेवढ्यात दुसरं आलं, त्याने पहिलं खोडून दुसरं लिहिलं आणि तुम्हाला कळवलं. फ्रीबीएसडीवर ही नोंद २० मिनिटं टिकते. शेवटी जो बोलला तो जिंकला. फोन, लॅपटॉप, प्रत्येकाची एआरपीची वही वेगळी आणि मुदतही वेगळी, म्हणून एकाचं नेट जातं तेव्हा शेजारी बसलेल्याचं चालू असतं.

आणि हे सगळं तुम्हाला दिसलं कारण घरात एक फ्रीबीएसडी होतं. लिनक्स ह्या बाबतीत मुखदुर्बळ, नोंद बदलली तर गुपचूप बदलून मोकळा होतो. तिथे एआरपीवॉच बसवावं लागतं, तो "फ्लिप फ्लॉप" असं लिहितो. एकदाच तपासायचं असेल तर पायवरूनच आरपिंग -डी -आय ईटीएच० १९२.१६८.१.१० द्या, स्वतःच्याच आयपीबद्दल विचारल्यावर कोणाचं उत्तर आलं तर तो दुसरा.

फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या आयपीवर कोणी बसलं असतं तर त्याने "इज युजिंग माय आयपी ॲड्रेस" असं उद्गारचिन्हासकट ओरडून सांगितलं असतं. मला तो मेसेज फार आवडतो.

जुनाखेळाडू
आता ब्राउझरमध्ये नुसतं १९२.१६८.१.१० टाका, पायहोलचं पान यायच्या ऐवजी काय येतं बघा. दोन-तीनदा नोंद पुसून प्रयत्न करा म्हणजे कधीतरी दुसरा लागेल.

गोदाकाठ
सापडला!!!

एक लॉगिनचं पान आलं, वर कॅमेऱ्याचं चित्र, आणि खाली लिहिलंय की इंटरनेट एक्सप्लोरर वापरा आणि प्लगइन घ्या. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आहे. मी बाहेरगावी असताना बाबांनी कॅमेरे बसवून घेतले होते. कॅमेरेवाल्याने डीव्हीआर पोर्चच्या माळ्यावर ठेवला, करंट पोर्चच्या प्लगमधून घेतला, ती लाइन इन्व्हर्टरवर नाही. आणि नेटची केबल टीव्हीमागच्या स्विचमध्ये आणून खोचली. बाबा फोनवर कॅमेरे बघतात म्हणून मला वाटलं ते आपलं सिमकार्डावर वगैरे चालत असेल.

बाबांना विचारलं तर म्हणे त्याने काहीतरी नंबर टाकला होता, "सगळीकडे दहाच टाकतो साहेब, लक्षात राहतो".

उनाड
हा माणूस आमच्याकडे पण येऊन गेला असणार. आमच्या सोसायटीत सगळे डीव्हीआर एकाच नंबरवर आहेत.

किल्लेदार
म्हणजे हॅकर नव्हता. तरी पासवर्ड बदलाच.

चिंगी
@किल्लेदार, आता मात्र तुमच्याशी सहमत. कॅमेरेवाले फिक्स आयपी का टाकतात, तर पूर्वी बाहेरून कॅमेरे बघायला राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून आलेलं थेट डीव्हीआरकडे पाठवायची सोय, करायला लागायचं आणि त्यासाठी डीव्हीआर एका जागी स्थिर हवा. आता फोनवरचं ॲप कंपनीच्या क्लाउडमार्फत जातं, पोर्ट उघडायची गरज उरलेली नाही, पण सवय राहिलीय. तेव्हा राऊटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगचं पान बघा, डीव्हीआरच्या नावाने काही उघडं असेल तर बंद करा, यूपीएनपी (उपकरणं स्वतःच पोर्ट उघडून घेतात ती सोय) पण बंद करा. आणि डीव्हीआरचा पासवर्ड ॲडमिन-१२३४५ असला काही असेल तर तो आज बदला. २०१६ मध्ये मिराय नावाचं बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या मशीनची फौज) झालं ते असल्याच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचं, कंपनीचे ठरलेले पासवर्ड एकेक करून बघायचं आणि आत शिरायचं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डाइन ह्या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत मोठमोठ्या साइट बंद पडल्या. तुमच्या पोर्चच्या माळ्यावरचा डबा एक छोटा लिनक्स कॉम्प्युटरच आहे, फक्त त्याला अपडेट कोणी करत नाही.

गोदाकाठ
पोर्ट फॉरवर्ड दोन होते, उडवले. पण डीव्हीआरचा पासवर्ड बाबांकडे नाही, कॅमेरेवाल्याकडे आहे, आणि तो येण्याचे व्हिजिटचे पैसे मागतोय. तोपर्यंत पायचाच आयपी बदलू का? डीएनएसचा पोर्ट ५३ म्हणून १९२.१६८.१.५३ देतो, लक्षात राहील.

उनाड
"लक्षात राहतो साहेब" 😂

जुनाखेळाडू
चालेल, पण नुसता पायचा आयपी बदलून भागणार नाही. राऊटरच्या डीएचसीपीमध्ये डीएनएस म्हणून १० लिहिला असेल तो ५३ करा. तरीही फोन-लॅपटॉप जुनी लीज (राऊटरने दिलेल्या आयपीची मुदत) संपेपर्यंत किंवा अर्ध्यात नूतनीकरण होईपर्यंत १० लाच विचारत राहतील, आणि तिथे आता कायमचा डीव्हीआर असेल. म्हणजे बदल केल्या केल्या घरातलं नेट पूर्वीपेक्षा वाईट होणार. प्रत्येकाचं वायफाय एकदा बंद-चालू करा. फ्रीबीएसडी सर्व्हरला तुम्ही आयपी हाताने दिला असेल तर त्याच्या रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये पण १० असेल. टीव्ही विसरू नका, टीव्ही नेहमी राहतो.

आणि कॅमेरेवाला आला की त्याला डीव्हीआर डीएचसीपीवर टाकायला लावा, फिक्स हवाच असेल तर राऊटरमध्ये त्या मॅकच्या नावाने रिझर्व्हेशन करा. पायचंही तसंच करा खरं तर. कोणाला कोणता नंबर दिला ते एकाच जागी लिहिलेलं असलं की असले तंटे होत नाहीत. डीएचसीपीची रेंज १०० पासून ठेवलीत म्हणून राऊटर १० कोणाला देणार नाही हे बरोबर, पण हाताने टाकणाऱ्याला कोण अडवणार?

गोदाकाठ
केलं सगळं. टीव्ही राहिलाच होता. लॉगमध्ये सध्या शांतता आहे, मेसेज बंद न करता. @उनाड 🙂 कॅमेरेवाला रविवारी येतो म्हणालाय, पासवर्ड लिहूनच घेतो त्याच्याकडून.

म्युनिककर
धागा वाचून धीर आला म्हणून माझं पण घुसडतो. मी म्युनिकला, आईबाबा साताऱ्याला. त्यांच्याकडे एक जुना लॅपटॉप ठेवलाय डेबियन टाकून, त्यांचे फोटो मला इकडे घ्यायचेत. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, तरी इकडून एसएसएच टाइम्ड आउट. वरच्या पोस्टप्रमाणे म्हणजे कोणी ओच देत नाहीये. आयपी बघायच्या साइटवरून बाबांनी सांगितला तोच टाकतोय.

चिंगी
बाबांना राऊटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी काय आहे ते विचारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचं काही असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. २०१२ मध्ये ती रेंज त्यासाठीच वेगळी काढली. कंपनी खूप गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा आयपी देते, साइटवर तो दिसतो. तुम्ही तिथे टकटक करताय आणि ते घर तुमचं नाहीच. तुम्ही राऊटरमध्ये काहीही फॉरवर्ड करा, पॅकेट तिथपर्यंत पोचतच नाही.

म्युनिककर
१००.७९ ने सुरू होतंय. संपलं मग?

चिंगी
नाही. लॅपटॉपवर आयपी -६ ॲड्रेस देऊन बघा, २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता आहे का? आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आता आयपीव्ही६ (नवे, लांब आयपी पत्ते) मिळतं आणि त्याला नॅट, म्हणजे एका आयपीमागे अनेकांना ठेवणं, नसतं. जर्मनीत तुमच्याकडे पण असायला हवं. राऊटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या लॅपटॉपसाठी फक्त एसएसएचचा पोर्ट उघडायला लागेल. त्याआधी पासवर्डने लॉगिन बंद करून एसएसएच की (किल्लीची फाइल) लावा, ह्याला पर्याय नाही. आयपीव्ही६ नसेल तर वायरगार्ड (व्हीपीएन), पण त्याला एक बाहेरचं मशीन लागतं.

म्युनिककर
पत्ता आहे, २४०१ वाला. एसएसएच की आधीच लावलेली आहे. राऊटरमध्ये बाबांकडून उघडून घेतलं, व्हिडिओ कॉलवर तास गेला. आता टाइम्ड आउट जाऊन कनेक्शन रिफ्यूज्ड यायला लागलंय.

जुनाखेळाडू
वा, मोठी मजल मारलीत. रिफ्यूज्ड म्हणजे पॅकेट साताऱ्याला पोचलं आणि बहुतेक लॅपटॉपनेच उत्तर दिलं. आता त्यावर एसएसएच कुठे ऐकतंय ते बघा, एसएस -एलटीएन. त्यात ०.०.०.०:२२ दिसतं आणि चौकटी कंसातली :२२ वाली ओळ दिसत नाही असं असेल तर ते फक्त आयपीव्ही४ वर ऐकतंय. एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये लिसनॲड्रेस ०.०.०.० अशी ओळ कोणीतरी घातली असेल, तिच्यापुढे हॅश टाका आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

म्युनिककर
बघतो. बाबा बाहेर गेलेत, आई फोनवर आहे, तिला कीबोर्डवर हॅश कुठे असतो ते सांगतोय.